सावरपाडा ते रिओ : एका धावेचे अर्थशास्त्र

८ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू मैदानावर राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांतील महिलांची दहा हजार मीटर धावण्याची शर्यत झाली. पहिले दोन क्रमांक केनियाच्या धावपटूंनी पटकावले आणि तिसऱ्या क्रमांकाने, ३३ मिनिटे ५.२८ सेकंदांत, कविता राऊत यांनी अंतिम रेषा ओलांडली. १९५८ साली कार्डिफ येथे मिल्खासिंग यांनी सुवर्णपदक मिळविले होते. त्यानंतर धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत भारताला राष्ट्रकुल पदक मिळण्यास बावन्न वर्षे लागली. आणि भारतीय स्त्रीच्या वाट्याला तर असे पदक प्रथमच येत होते. नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाडा या आदिवासी वस्तीतून आलेल्या या मुलीला वृत्तपत्रांनी लगोलग ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ ही पदवी बहाल केली. पदवी गोड आहे, लोकांच्या तोंडी बसली आहे आणि तिच्यामागचा अभिमानही खरा आहे.

परंतु गोंदियासारख्या रेल्वे जंक्शनच्या गावी राहणाऱ्या माणसाला या पदवीतील एक विसंगती लक्षात आल्यावाचून राहत नाही. एक्स्प्रेस आपल्या बळावर धावत नाही. तिच्या आधी रूळ अंथरलेले असतात, त्याखाली खडी पसरलेली असते, सिग्नल देणारा माणूस रात्रभर जागत असतो, आणि वाटेत पाणी-इंधनाची सोय केलेली असते. आपण मात्र इंजिनाचे कौतुक करतो आणि रुळांचा विषय निघाला की गप्प बसतो. खेळाडूच्या यशाकडे पाहण्याची आपली ही जुनी सवय आहे. पदक आले की तो जिद्दीचा चमत्कार आणि पदक हुकले की तो जिद्दीचा अभाव, एवढ्या दोनच कोष्टकांत आपण सारा हिशेब मांडतो. प्रस्तुत लेखात हा हिशेब थोडा निराळ्या पद्धतीने मांडावयाचा आहे. कारण या हिशेबात आपल्या जिल्ह्यातील मुलींचेही काही येणे बाकी आहे.

नाशिकची वाट

कविता राऊत यांचा जन्म १९८५ सालचा. हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. स्त्रियांना लांब पल्ल्याची धाव झेपत नाही, असा समज जगभर इतका रुजलेला होता की १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची आठशे मीटरची शर्यत एकदा घेतल्यावर ती बंद करण्यात आली आणि १९६० पर्यंत पुन्हा सुरू झाली नाही. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली ती १९८४ साली आणि दहा हजार मीटरची शर्यत आली ती १९८८ साली. म्हणजे ज्या शर्यतीत कविता राऊत यांनी पुढे नाव मिळविले, ती शर्यत त्यांच्या जन्माच्या वेळी ऑलिंपिकच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हतीच. पाड्यावरील मुलीसाठीच काय, लंडन-पॅरिसच्या मुलीसाठीही ही वाट नुकतीच उघडलेली होती.

सावरपाड्याहून निघालेली ही वाट नाशिक शहरातून गेली, ही या कथेतील निर्णायक गोष्ट होय. नाशिकला भोसला सैनिकी विद्यालयाच्या मैदानावर भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षण केंद्र होते आणि तेथे विजेंद्र सिंग हे प्रशिक्षक होते. लांब पल्ल्याच्या धावेवर लक्ष एकवटणारा आणि एकाच गावी वर्षानुवर्षे टिकून राहणारा प्रशिक्षक मिळणे ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे. ती नाशिकला घडली. त्याचे फळ एका पदकापुरते मर्यादित राहिले नाही. मोनिका आथरे, संजीवनी जाधव अशा त्याच जिल्ह्यातील मुली त्याच मैदानावरून राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांपर्यंत पोहोचल्या. एका जिल्ह्यात एकामागून एक लांब पल्ल्याच्या धावपटू निर्माण होऊ लागल्या की त्याला योगायोग म्हणता येत नाही. त्याला व्यवस्था म्हणावे लागते. नाशिकच्या हवापाण्यात काही विशेष गुण असतीलही. पण ते हवापाणी २००० सालापूर्वीही तेथे होतेच. नव्याने आली ती व्यवस्था.

दिल्लीनंतर अवघ्या सहा आठवड्यांनी चीनमध्ये ग्वांगझू येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. तेथे दहा हजार मीटरमध्ये कविता राऊत यांनी ३१ मिनिटे ५१.४४ सेकंद अशी वेळ देऊन रौप्यपदक मिळविले. दिल्लीतील वेळेपेक्षा ही वेळ सुमारे एक मिनिट चौदा सेकंदांनी कमी होती. पंचवीस फेऱ्यांचा भागाकार केला तर प्रत्येक फेरीला सरासरी साडेशहात्तर सेकंदांच्या आत. सुवर्णपदक मिळविणाऱ्या केरळच्या प्रीजा श्रीधरन त्यांच्यापुढे होत्या त्या एका सेकंदाहूनही कमी अंतराने. एकाच शर्यतीत पहिले आणि दुसरे अशी दोन्ही पदके दोन भारतीय स्त्रियांनी घ्यावीत, आणि बहरीनकडून धावणारी धावपटू तिसरी यावी, हा प्रसंग आपल्या क्रीडा-इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिण्याजोगा आहे. त्याच स्पर्धेत पाच हजार मीटरमध्येही प्रीजा श्रीधरन यांना रौप्य आणि कविता राऊत यांना कांस्य मिळाले. २०१२ साली कविता राऊत यांना अर्जुन पुरस्कार देण्यात आला.

येथे एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. प्रीजा श्रीधरन रेल्वेच्या नोकरीत होत्या आणि कविता राऊत तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या. म्हणजे ग्वांगझूच्या त्या पंचवीस फेऱ्यांमागे दोन सार्वजनिक उपक्रमांचे मासिक वेतनपत्रक उभे होते. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांचीही कथा हीच आहे. दुष्काळी मुलखातील ही मुलगी रेल्वेच्या आधाराने धावली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिने प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय उच्चांक केला आणि अंतिम फेरीत दहावा क्रमांक मिळविला. १९८४ साली पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिकच्या धावमार्गावर वैयक्तिक अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिचा तो उच्चांक २०२३ साली पारुल चौधरी यांनी मोडेपर्यंत अबाधित होता.

त्याच रिओत कविता राऊत मॅरेथॉन धावल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धांत २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत सुवर्णपदक मिळवून त्यांनी ही पात्रता मिळविली होती. ऑलिंपिकमध्ये मात्र त्यांना २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद लागले आणि क्रमांक आला १२० वा. दुसऱ्या भारतीय धावपटू ओ. पी. जैशा ८९ व्या आल्या आणि अंतिम रेषा ओलांडताच कोसळल्या. वाटेत भारताच्या टेबलांवर पाणी आणि पेये ठेवलेली होती की नव्हती, यावर नंतर पुष्कळ धुरळा उडाला. जैशा एक म्हणाल्या, महासंघ दुसरे म्हणाला, कविता राऊत यांनी आपली तक्रार नसल्याचे सांगितले. वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु ४२ किलोमीटर १९५ मीटरच्या शर्यतीत कोणत्या ठिकाणी कोणते पेय कोणी ठेवावे, हा प्रश्न शर्यतीच्या आधी सुटलेला असावयास हवा, नंतर नव्हे, एवढे तरी सर्वांना मान्य व्हावे.

जपानचा हिशेब

आता थोडे पूर्वेकडे पाहू. स्त्रियांच्या मॅरेथॉनमध्ये जपानने जे यश मिळविले ते आशिया खंडातील इतर देशांना विचार करावयास लावणारे आहे. १९२८ च्या ज्या आठशे मीटरच्या शर्यतीचा वर उल्लेख केला, तिच्यात जपानच्या किनुए हितोमी हिने रौप्यपदक मिळविले होते. युको आरिमोरी हिला १९९२ साली बार्सिलोनात रौप्य आणि १९९६ साली अटलांटात कांस्य मिळाले. नाओको ताकाहाशी हिने २००० साली सिडनीत सुवर्णपदक जिंकले आणि पुढच्याच वर्षी बर्लिनला २ तास १९ मिनिटे ४६ सेकंदांत धावून दोन तास वीस मिनिटांची मर्यादा मोडणारी ती जगातील पहिली स्त्री ठरली. २००४ साली अथेन्सच्या उन्हात मिझुकी नोगुची हिने पुन्हा सुवर्ण आणले.

नोगुचीच्या कारकिर्दीतील एक प्रकरण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावे. शालेय शिक्षण संपवून ती एका वस्त्रनिर्मिती कंपनीच्या धावपथकात दाखल झाली. १९९८ साली तिचे प्रशिक्षक त्या कंपनीतून बाहेर पडले आणि तीही त्यांच्यामागोमाग बाहेर पडली. हाताला काम नाही, पाठीशी कंपनी नाही, अशा अवस्थेत ती आणि तिच्या सहकारी धावपटू काही महिने बेकारी विम्याच्या रकमेवर राहिल्या आणि सराव करीत राहिल्या. पुढे दुसऱ्या एका कंपनीने त्यांना आसरा दिला. त्यानंतर पाच वर्षांनी अथेन्स आले. आपण त्या सुवर्णपदकाचे श्रेय नोगुचीच्या पायांना देतो, प्रशिक्षकाच्या निष्ठेला देतो आणि ते योग्यच आहे. पण बेरोजगार माणसाला काही महिने तग धरता यावा म्हणून केलेल्या एका रूक्ष कायद्याचाही त्या पदकात वाटा आहे, हे विसरून चालणार नाही. तो कायदा नसता तर ती मुलगी कदाचित कोठे तरी हिशेबनीस झाली असती आणि जगाला तिचे नावही कळले नसते.

जपानमधील ही पद्धत मोठी बोधप्रद आहे. तेथे कंपन्या आपापली धावपथके पाळतात. रस्त्यावरून टप्प्याटप्प्याने धावण्याची एकिडेन नावाची सांघिक शर्यत तेथे अत्यंत लोकप्रिय आहे. तिच्यात कंपनीचे नाव झळकते, म्हणून कंपन्या पैसा घालतात. ही पथके केवळ टोकियो-ओसाकाच्या महाकाय उद्योगांचीच असतात असेही नाही. ओकायामा या प्रांतीय शहरातील तेन्माया नावाच्या एका मोठ्या दुकानाचे पथक प्रसिद्ध आहे. त्या दुकानाच्या पथकातून एकाहून अधिक ऑलिंपिक मॅरेथॉनपटू निघाल्या. नोगुचीने २००५ साली बर्लिनला केलेला २ तास १९ मिनिटे १२ सेकंदांचा जपानी उच्चांक अठरा वर्षांहून अधिक काळ टिकला आणि जानेवारी २०२४ मध्ये ओसाकाला तो मोडला, तो याच दुकानाच्या पथकातील होनामी माएदा हिने. कापड, भांडी आणि खाऊ विकणारे एक प्रांतीय दुकान राष्ट्रीय उच्चांकाला जन्म देऊ शकते, हे वाक्य गोंदियातील व्यापाऱ्यांनी दोनदा वाचावे अशी विनंती आहे.

जपानची पद्धत निर्दोष आहे असे मात्र समजू नये. कंपनीचा नफा घटला की पथक बरखास्त होते. नोगुचीलाही सुवर्णपदकानंतर तिसरी कंपनी शोधावी लागली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधून तर दुखापतीमुळे तिला माघार घ्यावी लागली. पण धोका कोणीतरी वाटून घेतला पाहिजे हे तत्त्व त्या समाजाने मान्य केले आहे, आणि नेमके तेच आपल्याकडे मान्य झालेले नाही.

धाव आणि रोवणी

लांब पल्ल्याची धावपटू घडविणे ही दीर्घ मुदतीची आणि मोठ्या जोखमीची गुंतवणूक आहे. दिल्लीत पदक मिळाले तेव्हा कविता राऊत पंचवीस वर्षांच्या होत्या, रिओत ललिता बाबर सत्तावीस वर्षांच्या, अथेन्समध्ये नोगुची सव्वीस वर्षांची आणि सिडनीत ताकाहाशी अठ्ठावीस वर्षांची. शाळकरी वयात पहिली धाव आणि पंचविशीनंतर पहिले मोठे फळ, असा हा हिशेब आहे. मधली दहा वर्षे खर्चाचीच. शिवाय शंभर मुलींनी दहा वर्षे घातली तरी त्यांतील एखादीच पदकापर्यंत जाते. अशी गुंतवणूक कोणतीही बँक करीत नाही. आणि आपण मात्र अपेक्षा करतो की ती गुंतवणूक एकर-दीड एकर धानाच्या बांध्या कसणाऱ्या बापाने करावी!

आपल्या जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांत आदिवासी वस्ती मोठी. पायी चालण्याची, डोक्यावर ओझे घेऊन चढण चढण्याची सवय मुलींना लहानपणापासून. आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा दरवर्षी प्रकल्प पातळीपासून राज्य पातळीपर्यंत होतात आणि त्यांत या मुली पदकेही मिळवितात. मग पुढे काय होते?

पुढे वर्षाचे वेळापत्रक आडवे येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचावयाची, मेमध्ये तेंदूपत्ता तोडावयाचा, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी आणि दिवाळीच्या सुमारास कापणी. या प्रत्येक हंगामात मुलीच्या दोन हातांना घरात किंमत आहे. सकाळचे दोन तास धावण्यात आणि त्यानंतरचे दोन तास विश्रांतीत घालवावयाचे म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावयाचे. अर्थशास्त्रात ज्याला संधीचा खर्च म्हणतात तो हाच. धावण्याचा खेळ सर्वांत स्वस्त, कारण त्याला बॅट लागत नाही की रॅकेट लागत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. श्रीमंताच्या मुलीसाठी तो स्वस्त असेलही. मजुराच्या मुलीसाठी तो स्वस्त नाही, कारण तिला त्यासाठी आपला वेळ आणि आपली ताकद मोजावी लागते, आणि तिच्याजवळ तेवढेच भांडवल असते.

ताकदीचा प्रश्न तर अधिक गंभीर आहे. लांब पल्ल्याची धाव म्हणजे शेवटी रक्ताने स्नायूंपर्यंत प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यात पूर्व विदर्भाला सिकलसेलच्या आजाराचा जुना शाप. ज्या मुलीच्या रक्तातच लोह नाही तिला जिद्दीची व्याख्याने देणे ही क्रूर थट्टा होय. तिला आधी रक्ततपासणी, अंडी, दूध, डाळ आणि गुळ-शेंगदाणे हवेत, व्याख्यान नंतर.

आणि तरीही मुली धावत आहेत. गोंदियाच्या वळणरस्त्यावर, आमगाव-देवरीच्या सडकेवर, तालुक्याच्या गावच्या शाळेच्या पटांगणावर पहाटे धावणाऱ्या मुली दिसतात. आमच्या महाविद्यालयीन वर्गांतील कित्येक विद्यार्थिनी त्यांत असतात. त्या ऑलिंपिकसाठी धावत नाहीत. पोलीस भरतीसाठी धावतात. भरतीत स्त्रियांसाठी धावण्याचे अंतर आहे ८०० मीटर. बाजारपेठेने मागणी केली ती ८०० मीटरची, म्हणून पुरवठाही होतो तो ८०० मीटरचाच. यात त्या मुलींचा काडीचाही दोष नाही. शिपायाची नोकरी ही निश्चित वेतनाची, निवृत्तीपर्यंतची आणि साऱ्या घराला उभारी देणारी गोष्ट आहे. शहाण्या माणसाने तिचीच निवड करावी. दुःख याचे आहे की भरतीची यादी लागली की ज्यांचे नाव आले त्या धावणे थांबवितात आणि ज्यांचे नाव आले नाही त्याही थांबवितात. त्यांच्यापैकी एखादीच्या पायांत दहा हजार मीटर असतील, तर ते कोणी मोजलेलेच नसतात.

दोन आक्षेप

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ज्या जिल्ह्यात शाळांना शिक्षक नाहीत, दवाखान्यांना डॉक्टर नाहीत, तेथे पदकांचे कौतुक कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याची टिंगल करू नये. परंतु मुलींच्या धावण्यासाठी जे जे लागते त्याची यादी केली तर काय दिसते? पुरेसे अन्न, नियमित रक्ततपासणी, शाळेत मैदान, मैदानावर शिक्षक, वसतिगृहात सुरक्षितता आणि लग्नाच्या घाईपासून चार-पाच वर्षांची सुटका. यांतील प्रत्येक गोष्ट पदक न मिळविणाऱ्या नव्व्याण्णव मुलींच्याही उपयोगाची आहे. किंबहुना पदक हे अशा व्यवस्थेचे उप-उत्पादन आहे. तिचे मुख्य उत्पादन निरोगी आणि शिकलेली मुलगी हे होय.

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे. ज्याच्यात गुण असतो तो कोठूनही वर येतो. कविता राऊत आल्याच ना? हा युक्तिवाद मोठा फसवा आहे. जे पोहोचले त्यांचीच मोजदाद आपण करतो. जे वाटेत राहिले त्यांची नोंद कोठेच नसते. शंभर बियांपैकी एक दगडावर उगवले म्हणून दगड सुपीक ठरत नाही. सावरपाड्याच्या मुलीला दगडावर उगवावे लागले नाही. तिला नाशिकचे मैदान, टिकून राहिलेला प्रशिक्षक आणि सार्वजनिक उपक्रमाची नोकरी मिळाली. हे तिन्ही वजा केल्यास तिची जिद्द तेवढीच राहिली असती, पदक राहिले नसते. असे म्हटल्याने तिचा गौरव कमी होत नाही. उलट, ज्या इतरजणींना हे तिन्ही मिळाले नाही त्यांच्याविषयीची आपली जबाबदारी वाढते.

करावयाचे काय?

शासन काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. महाराष्ट्राच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. केंद्राची ‘खेलो इंडिया’ योजना २०१८ पासून सुरू आहे आणि तिच्यात निवड झालेल्या खेळाडूस प्रशिक्षणाच्या खर्चाखेरीज दरमहा १०,००० रुपये हातखर्चासाठी मिळतात. शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ललिता बाबर यांची राज्य शासनाच्या सेवेत उपजिल्हाधिकारी म्हणून थेट नियुक्ती झाली, हेही स्तुत्य. परंतु या साऱ्या योजना झाड वाढल्यावर पाणी घालणाऱ्या आहेत. राष्ट्रीय पातळीवर चमकल्यानंतर निवड, पदक मिळाल्यानंतर पुरस्कार, आणि कारकीर्द संपल्यानंतर नोकरी. तीही सर्वांना एका नियमाने मिळते असे नाही. शासकीय नोकरीच्या प्रश्नावर कविता राऊत यांना २०२४ साली जाहीरपणे दाद मागावी लागली. कोणाला थेट नियुक्ती मिळावी आणि कोणाला मिळू नये हे जर त्या त्या वेळच्या मर्जीवर राहणार असेल, तर बारा वर्षांच्या मुलीच्या बापाने कशाच्या भरवशावर तिला रोवणीऐवजी मैदानावर पाठवावे? पदकाच्या दर्जानुसार पद, अर्जाची मुदत आणि निर्णयाची मुदत या तिन्ही गोष्टी लेखी नियमात बांधल्या पाहिजेत. गुंतवणूकदाराला सवलतीपेक्षा निश्चिती अधिक प्रिय असते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा येथेही लागू पडतो.

जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर भव्य क्रीडासंकुलाची मागणी करण्याची गरज नाही. इमारतींच्या कोनशिला आपल्याकडे पुष्कळ आहेत. गरज आहे ती माणसाची. देवरीसारख्या ठिकाणी लांब पल्ल्याच्या धावेचा एक जाणता प्रशिक्षक नेमावा आणि किमान सहा वर्षे त्याची बदली करू नये. आश्रमशाळांतील मुलींची दरवर्षी एकाच पद्धतीने तीन हजार मीटरची वेळ घ्यावी, त्याच दिवशी रक्ततपासणी करावी, आणि दोन्ही आकडे एकाच वहीत नोंदवावेत. त्यांतून वीस मुली निवडाव्यात.

समजा, या प्रत्येक मुलीवर आहार, बूट, प्रवास आणि तिच्या घरी द्यावयाची थोडी भरपाई मिळून महिन्याला ५,००० रुपये खर्च केले. वर्षाचे होतात १२ लाख. प्रशिक्षकाला दरमहा ४०,००० रुपये दिले तर वर्षाचे ४ लाख ८० हजार. एकूण १६ लाख ८० हजार. सहा वर्षांचा एकत्रित खर्च सुमारे एक कोटी. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. जाणकारांनी ते कमी-अधिक करावेत. पण वाचकांनी आपापल्या गावात रस्त्याच्या वा सभागृहाच्या कामावर लावलेले फलक आठवावेत आणि त्यांवरील रकमांशी या सहा वर्षांच्या रकमेची तुलना स्वतःच करून पाहावी.

हा पैसा कोठून यावा? जिल्हा नियोजन समिती आहे, आदिवासी विकासाचा स्वतंत्र निधी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करावी लागते, आणि त्या कायद्याच्या परिशिष्टात ग्रामीण व ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. जिल्ह्यात मोठे वीजकेंद्र आहे, राइस मिला आहेत, सहकारी बँका आणि पतसंस्था आहेत. ओकायामाचे दुकान जे करू शकते ते गोंदियाचा बाजार मुळीच करू शकणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. शिक्षक आणि महाविद्यालये यांचेही काही कर्तव्य आहे. भरतीसाठी धावणाऱ्या विद्यार्थिनींची वेळ वर्षातून दोनदा घड्याळ लावून मोजणे आणि नोंदवून ठेवणे याला कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही.

यातून ऑलिंपिकपटू निघेल याची हमी कोणी देऊ नये. जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. सहा वर्षांनी कदाचित एकही राष्ट्रीय पदक आलेले नसेल. पण त्या वीस मुलींचे रक्त सुधारलेले असेल, त्या बारावीपर्यंत शिकलेल्या असतील, विसाव्या वर्षापूर्वी त्यांची लग्ने झालेली नसतील, आणि ८०० मीटरची भरतीही त्यांतील कित्येकजणी सहज पार करतील. तोट्यात गेलेल्या गुंतवणुकीचा ताळेबंद जर इतका चांगला दिसत असेल, तर ती गुंतवणूक न करण्याचे समर्थन कोणत्या हिशेबाने करावयाचे?

कविता राऊत यांच्या नावाने टाळ्या वाजविणे सोपे आहे आणि त्या टाळ्यांवर त्यांचा हक्कही आहे. परंतु सावरपाड्याला नाशिक जवळ होते. सालेकसा आणि देवरीच्या मुलींना तसे नाशिक जवळ नाही. ते त्यांच्याजवळ आणून ठेवणे हे काम आपले आहे, आणि पुढच्या रोवणीपूर्वी त्याची सुरुवात होऊ शकते.